पातळ हिरडी, जाड हिरडी

१९६९ साली ओस्लोमध्ये आणि पुढच्याच वर्षी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांमध्ये हाराल्ड लो या नॉर्वेजियन दंतसंशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन समांतर पाहण्या सुरू केल्या. ओस्लोतले ५६५ पुरुष विद्यार्थी आणि प्राध्यापक होते. शाळेत जायच्या आधीपासून त्यांचे दात नियमित तपासले जात होते आणि दोन वेळा ब्रश करणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. श्रीलंकेतले ४८० पुरुष तमिळ मळेकामगार होते. टूथब्रश त्यांच्या घरात नव्हता आणि दातांच्या डॉक्टरांशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता. पुढची जवळजवळ वीस वर्षं या दोन्ही गटांच्या दातांची आणि हिरड्यांची मोजमापं ठरावीक काळाने घेतली गेली.

मळेकामगारांचं चित्र अपेक्षेप्रमाणे निघालं. वयाची वीस वर्षं पुरी व्हायच्या आतच तीस टक्क्यांहून जास्त जणांच्या हिरड्या कुठे ना कुठे खाली सरकल्या होत्या, आणि चाळिशीपर्यंत त्यातून एकही सुटला नव्हता. धक्का दिला तो ओस्लोने. इतकी निगा राखलेल्या त्या तोंडांमध्येही विशीच्या सुमारास साठ टक्क्यांहून जास्त जणांची हिरडी एखाद्या तरी दातावरून सरकलेली होती. पन्नाशीच्या आसपास हे प्रमाण नव्वदच्या वर गेलं.

फरक होता तो जागेचा. मळेकामगारांची हिरडी दाताच्या चारही बाजूंनी, दोन दातांमधल्या फटीतसुद्धा उतरलेली होती. नॉर्वेच्या मंडळींची मात्र मुख्यतः बाहेरच्या, म्हणजे ओठ आणि गालाकडच्या बाजूने उतरलेली. आतून ती बऱ्याच कमी ठिकाणी उतरली होती, आणि फटींमधून तर जवळजवळ जागच्या जागी होती. एकाच्या तोंडात कधी ब्रश गेला नाही, दुसऱ्याच्या तोंडात तो रोज गेला, आणि दोघांचीही मुळं उघडी पडली. याचं उत्तर शोधायला हिरडीवर काय आदळतं एवढंच पाहून भागत नाही. ज्या हिरडीवर ते आदळतं तिची बांधणी कशी आहे, हेही पाहावं लागतं.

दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्यावर इनॅमलचं कवच असतं. हे कवच दाताच्या मानेपाशी संपतं आणि तिथून खाली मुळावरचं पातळ आवरण, सिमेंटम, सुरू होतं. निरोगी तोंडात हिरडीचा काठ या सांध्याच्या थोडा वर, इनॅमलवर टेकलेला असतो. तो काठ सांध्याच्या खाली उतरला की मूळ उघडं पडतं. मग दात लांब दिसायला लागतो, त्याच्या मानेशी पिवळसर पट्टा उमटतो. "हिरड्या झिजल्या" असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा झीज फक्त हिरडीची नसते. तिच्याखालचं हाड आधीच गेलेलं असतं, किंवा तिथे ते मुळातच नसतं.

हे शेवटचं वाक्य पचायला जड जातं, कारण दात हाडात घट्ट रोवलेला आहे असंच आपण धरून चालतो. बाहेरच्या बाजूचं हाड, विशेषतः खालच्या पटाशीच्या दातांवर, सुळ्यांवर आणि उपदाढांवर, अनेकांमध्ये एक मिलिमीटरहूनही पातळ असतं. कोरड्या कवट्या तपासल्या तर काहींच्या मुळांवर हाडाला खिडकीसारखं भोक दिसतं, तर काहींत वरच्या काठापासून खालपर्यंत चीर गेलेली दिसते. जिवंतपणी त्या माणसाला याचा पत्ताही नसेल, कारण वरून हिरडी शाबूत होती. अशा जागी मुळावर पांघरूण म्हणून हिरडी एवढीच काय ती असते, आणि तिची जाडी तिथे निर्णायक ठरते.

१९६९ मध्येच, लो यांची पाहणी सुरू होत असताना, ऑक्सनबाइन आणि रॉस या अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी हिरड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगितले. एक पातळ आणि खोल कमानी असलेली, दुसरी जाड आणि सपाट कडेची. पातळ हिरडीखालचे दात बहुधा लांबट, मानेकडे निमुळते होत जाणारे असतात. शेजारचे दात एकमेकांना अगदी टोकाशी टेकतात आणि मधली हिरडी उंच त्रिकोणी शेंड्यासारखी वर चढते. जाड हिरडीखालचे दात चौकोनी, रुंद असतात आणि त्यांच्यामधली हिरडी आखूड. अर्थात सगळी माणसं या दोन खणांत बसत नाहीत. जाड हिरडी पण खोल कमानी असा मिश्र प्रकारही भरपूर आढळतो, आणि एकाच तोंडात वरची हिरडी जाड, खालची पातळ हे तर नेहमीचंच. २०१७ साली शिकागोत अमेरिकेच्या आणि युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जी परिषद घेतली, तिने हिरडीच्या जाडीसाठी एक मिलिमीटर ही व्यवहारातली सीमा मानली. एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे पातळ, त्यापुढे जाड.

ही जाडी ओळखण्याची दवाखान्यातली रीत अगदी साधी आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ खाच असते. डॉक्टर तिच्यात खुणा केलेली बारीक, बोथट टोकाची सळई, जिला ते प्रोब म्हणतात, अलगद सरकवतात आणि बाहेरून पाहतात. हिरडीच्या आरपार सळईचा करडा रंग दिसला तर हिरडी पातळ. रंग दिसला नाही तर जाड. दुखत नाही, भूल लागत नाही, एका दाताला काही सेकंद पुरतात. अल्ट्रासाउंडने किंवा त्रिमित एक्स-रेने अचूक मोजमापही करता येतं, पण नेहमीच्या निर्णयांना ही सळई पुरेशी आहे. इतकी सोपी आणि फुकटची तपासणी आपल्याकडे किती कमी वेळा होते, याचं मला वाईट वाटतं. दाताला कीड किती आहे हे रुग्णाला सांगितलं जातं, पण त्याची हिरडी कोणत्या जातीची आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

घरच्या आरशातही थोडंफार कळतं. खिडकीजवळच्या उजेडात खालचा ओठ खाली ओढा आणि पुढच्या दातांखाली पाहा. फिकट गुलाबी, कणीदार, संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असलेली हिरडी सहसा जाड असते. हिरडी नितळ, तकतकीत असेल, तिच्याखाली बारीक लाल शिरांचं जाळं दिसत असेल आणि मुळांचे उभे उंचवटे एकेक करून मोजता येत असतील, तर ती पातळ असण्याची शक्यता बरीच. आता नखाची कड दाताच्या मानेवरून हळूच खाली न्या. मध्येच ती एखाद्या खाचेत अडकली, तर तिथे मूळ उघडं पडून झिजायला लागलं असावं. हे काही निदान नव्हे, पण डॉक्टरांपुढे बसल्यावर बोट नेमकं कुठे ठेवायचं ते यातून कळतं.

पातळ हिरडी हा रोग नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. पुष्कळ लोक पातळ हिरडी घेऊन जन्मभर सुखाने जेवतात. प्रश्न येतो तो हिरडीला सूज आल्यावर किंवा मार बसल्यावर. मलमलीवर ठिणगी पडली तर लगेच आरपार भोक पडतं, घोंगडीवर पडली तर ती आतल्या आत धुमसत राहते. हिरडीचंही तसंच होतं. पातळ हिरडीत दाताकडची त्वचा आणि ओठाकडची त्वचा यांच्यामध्ये पेशीजालाचा थर जेमतेम असतो. सूज आली की तो मधला थर विरघळतो, दोन्हीकडून आत वाढणारी त्वचेची बोटं एकमेकांना भिडतात, आणि त्या ठिकाणी हिरडीचा काठच खचतो. बेकर आणि सीमोर यांनी १९७६ मध्ये उंदरांच्या हिरडीत ही घडामोड सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. जाड हिरडीत मधला थर भरपूर असल्याने काठ जागेवर टिकतो. मात्र आतमध्ये दाताला लागून असलेली पकड सुटत जाते आणि तिथे खोल खिसा तयार होतो. वरून हिरडी भरलेली दिसते आणि आतलं हाड संपत आलेलं असतं.

म्हणून जाड हिरडीवाल्यांनी हा मजकूर वाचून सुटकेचा नि:श्वास टाकू नये. पातळ हिरडीचा आजार आरशात तरी दिसतो. जाड हिरडीचा आजार सळई आत घातल्याशिवाय दिसत नाही, आणि ब्रश करताना येणारं रक्त हीच काय ती त्याची सूचना. तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये तर हे रक्तही कमी येतं, त्यामुळे ती सूचनाही मिळत नाही.

आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारी एक तक्रार याच गोष्टीतून जन्मते. "दात साफ करून घेतले आणि ते सैल झाले," "सफाई केल्यावर फटी पडल्या, गार पाणी लागायला लागलं," असं सांगून लोक एकमेकांना दवाखान्यात जाण्यापासून परावृत्त करतात. प्रत्यक्षात काय झालेलं असतं? वर्षानुवर्षं साचलेलं कीटण दातांच्या मानेभोवती दगडासारखं बसलेलं असतं, फटी त्यानेच बुजलेल्या असतात, आणि त्याच्यामुळे सुजलेली हिरडी फुगून वर आलेली असते. कीटण काढलं की सूज उतरते, हिरडी तिच्या खऱ्या पातळीवर येते, आणि जे मूळ आधीच हाडाबाहेर होतं ते डोळ्यांना दिसायला लागतं. नुकसान सफाईने केलेलं नसतं, सफाईने ते उघडं केलेलं असतं. तरीही रुग्णाची तक्रार खोटी नाही. पातळ हिरडीत सफाईनंतर काठ थोडा खाली उतरतो, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक असतं. त्यांनी ते खुर्चीत बसवण्याआधी दोन वाक्यांत सांगितलं, तर हा गैरसमज मुळातच उगवणार नाही.

आता मार कशाकशाचा बसतो ते पाहू. पहिलं नाव ब्रशचं. ओस्लोच्या पाहणीत मुख्यतः बाहेरची बाजू उतरलेली दिसली, त्यामागे ब्रशच असणार हा तर्क सहज सुचतो. उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि उपदाढांवर पुष्कळदा जास्त खुणा सापडतात, हेही त्याच दिशेने बोट दाखवतं. तरी शास्त्रीय पुरावा तितका सरळ नाही. किती वेळा घासलं, किती जोराने, किती कडक ब्रशने, यांचा हिरडी सरकण्याशी संबंध काही अभ्यासांना दिसला, काहींना नाही. माझ्या मते या विसंगतीमागे हिरडीची जाडीच असावी. तोच ब्रश, तोच जोर एकाला बाधतो आणि दुसऱ्याला बाधत नाही, आणि दोघांना एकाच रांगेत धरलं की सरासरीत काहीच उरत नाही. तुमची हिरडी पातळ असेल, तर पुरावा पूर्ण व्हायची वाट पाहण्याचं कारण नाही. ब्रश मऊ घ्या. आडवा करवतीसारखा चालवणं थांबवा.

हिरडीला जखम ब्रशचे केस करतात, पण उघड्या मुळाला खाच पाडण्यात मोठा वाटा पेस्टमधल्या किंवा पावडरीतल्या खरखरीत कणांचा असतो. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, त्याच्या मानाने मुळाचं डेंटिन फारच मऊ. राखुंडी, विटकरीची पूड, जाडं मीठ आणि अलीकडे पुन्हा मोठ्या थाटात विकायला आलेली कोळशाची पूड, या सगळ्यांनी दात पांढरे दिसतात कारण त्या दात खरवडतात. मूळ उघडं पडलेल्या माणसाने यांच्या वाटेला जाऊ नये.

घासायची चांगली पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते चार्ल्स बास मुळात दातांचे डॉक्टर नव्हते. न्यू ऑर्लिन्सचे हे वैद्य हिवतापावर आणि हुकवर्मवर काम करत. हिवतापाचा परजीवी शरीराबाहेर काचेच्या नळीत वाढवण्यात त्यांना १९१२ मध्ये यश आलं होतं. आयुष्याच्या उत्तरार्धात ते सूक्ष्मदर्शक घेऊन दातांच्या फटींकडे वळले. त्यांच्या पद्धतीत ब्रशचे केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी बारीक थरथरवायचे असतात. हिरडी आधीच सरकलेली असेल, तर केस हिरडीवर टेकवून तिथून दाताच्या टोकाकडे वळवत आणणारी रीत जास्त बरी. वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. हिरडीवर जोर पडतो का ते पाहायला ब्रश मुठीत न धरता पेनासारखा तीन बोटांत धरून पाहा, फरक लगेच जाणवेल.

दुसरा मार तंबाखूचा, आणि महाराष्ट्रात त्याचं रूप वेगळं आहे. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि डाव्या तळहातावर चिमूटभर घेऊन उजव्या तर्जनीने दात आणि हिरड्यांवर चोळत बसायचं. तिला कुठे मशेरी म्हणतात, कुठे मिसरी. सकाळी चुलीपाशी किंवा ओट्यावर बसून मशेरी लावणाऱ्या बायका मुंबईपासून मराठवाड्यापर्यंत सगळीकडे आहेत. बहुतेकींना ती लहानपणी दात घासायची पूड म्हणूनच मिळालेली असते, आई किंवा आजीच्या हातून. मग दुपारी जेवण झालं की एकदा, संध्याकाळी एकदा. "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" असं त्या सांगतात, आणि त्यात तथ्य आहे, कारण निकोटीन आतड्यांना चाळवतं. ती सवय दात घासण्याची राहिलेली नसते, ते व्यसन झालेलं असतं. हिरडीच्या दृष्टीने यात दोन गोष्टी एकत्र येतात. खरखरीत पूड रोज बोटाने दाबून चोळली जाते, आणि तंबाखूतली द्रव्यं हिरडीच्या रक्तवाहिन्यांवर आणि पेशींवर परिणाम करतात.

तंबाखू-चुन्याची गोष्ट आणखी उघड. चुन्यात मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या ज्या खोबणीत रोज धरली जाते, नेमकी त्याच दातांवरची हिरडी उतरते, आणि समोरची त्वचा पांढुरकी, सुरकुतलेली होते. तोंड उघडलं की बार कुठे धरतात हे विचारावं लागत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या २१.४ टक्के प्रौढांनी धूर न काढता तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. इथे हिरडी ही तर किरकोळ हानी आहे. त्याच तोंडात कर्करोगाचा धोका असतो. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. मशेरी सोडायला सांगताना दातांचं कारण पुढे करावं, कारण ते आरशात दाखवता येतं. पण सांगणाऱ्याने बाकीचं विसरू नये.

तिसरं कारण दात सरळ करण्याचं. तारा लावून दात हाडाच्या मर्यादेत हलवला तर पातळ हिरडीलाही सहसा काही होत नाही. गर्दी सोडवण्यासाठी खालचे पुढचे दात ओठाकडे ढकलले जातात तेव्हा मात्र मूळ पातळ हाडाच्या बाहेर येऊ शकतं. हाडाला चीर पडते, वरची हिरडी ताणली जाऊन आणखी पातळ होते, आणि नंतर कधीतरी थोडी सूज किंवा जोराचा ब्रश एवढं निमित्त तिला उतरायला पुरतं. म्हणून उपचार संपल्यावर दोन-तीन वर्षांनी "आता का?" असा प्रश्न पडतो. दातांच्या मागे चिकटवलेली तार वाकली किंवा अर्धवट सुटली, तर तीसुद्धा एखाद्या दाताचं मूळ हळूहळू बाहेर फिरवते. हिरडी, हाड आणि मुळं कोणीही तपासलेली नसताना घरपोच मागवलेल्या पारदर्शक साच्यांनी दात सरकवणं पातळ हिरडीच्या माणसासाठी सरळसरळ धोक्याचं आहे. उलटही घडतं, हे सांगायला हवं. बाहेर आलेला दात तारांनी हाडात मागे नेला तर हिरडी जाड होते आणि काठ सुधारतो. मुलांमध्ये नुकत्याच आलेल्या खालच्या दातावरची सरकलेली हिरडी जबडा वाढताना आपोआप सावरलेलीही पाहायला मिळते. तिथे घाईने शस्त्रक्रिया करू नये.

कॅप किंवा फिलिंगची कड हिरडीच्या आत खोल नेली की तिथे सूज कायमची मुक्काम करते, आणि पातळ हिरडी तिथून माघार घेते. ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा फार वर चिकटलेला असेल तर तो काठ ओढत राहतो आणि तिथे ब्रशही नीट पोचत नाही. ओठात किंवा जिभेत टोचलेला दागिना समोरच्या हिरडीवर घासत राहतो. काही मुलांना नखाने हिरडी खरवडायची सवय असते.

वयाला मात्र मी या यादीत घालणार नाही. वयाबरोबर हिरड्या उतरलेल्या जास्त दिसतात, कारण मार खाल्ल्याची वर्षं वाढतात. मळेकामगारांच्या त्याच पाहणीत जवळपास ११ टक्के माणसं अशी निघाली, की दात कधी न घासताही त्यांचा आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेला नाही, आणि ८ टक्के अशी, की त्यांचं हाड झपाट्याने गेलं. तोंडातली घाण सारखीच, शरीराचं उत्तर वेगळं. मधुमेह ताब्यात नसेल तर हे उत्तर बिघडतं, एवढं मात्र नक्की. दात जोरात चावल्याने हिरडी सरकते ही जुनी समजूतही पुराव्यावर टिकलेली नाही, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी उतरलेली हिरडी वर चढत नाही.

मूळ उघडं पडलं तर बिघडतं काय? मुळावरचं पातळ सिमेंटम लवकर झिजतं आणि खालचं डेंटिन उघडं होतं. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. गार पाणी, वाऱ्याची झुळूक, कुल्फीचा घास यांनी तो द्रव हलतो आणि आतली नस चाळवते, म्हणून सणक जाते. सणक जाते म्हणून माणूस तिथे ब्रश फिरवायचं टाळतो, तिथे थर साचतो, सूज येते आणि हिरडी आणखी उतरते. हे चक्र तोडायला सणक कमी करणारी पेस्ट चांगली कामाला येते. दुसरं, मुळाला कीड लवकर लागते. लाळेचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, डेंटिन मात्र ६ च्या वर असतानाच विरघळू लागतं. दिवसभर गोड चहाचे घोट घेणाऱ्या आणि औषधांमुळे तोंड कोरडं पडलेल्या वृद्धांमध्ये ही मुळांची कीड फार दिसते.

एकदा पकड सुटून उतरलेली हिरडी मोठ्या माणसात आपणहून वर येत नाही, पण ती आणता येते. टाळूवरच्या त्वचेखालून, सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या पट्ट्यातून, सुमारे एक ते दीड मिलिमीटर जाडीचं पेशीजाल काढतात, उघड्या मुळावर ठेवतात आणि हिरडी सैल करून त्यावर ओढून शिवतात. लँगर दांपत्याने १९८५ मध्ये ही रीत मांडली, आणि आजही ती सर्वांत भरवशाची मानली जाते. तिच्यामागचं विज्ञान पुन्हा लो यांच्याच गटाकडे जातं. हिरडीचं पेशीजाल आणि हिरडीच्या पायथ्याशी असलेल्या मऊ त्वचेखालचं पेशीजाल माकडांमध्ये दुसरीकडे लावून कारिंग, लँग आणि लो यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की वर उगवणारी त्वचा खालच्या थराचं ऐकते. खाली हिरडीचं पेशीजाल असेल तर वर टणक हिरडीच येते, खाली मऊ त्वचेचं असेल तर मऊ त्वचा. टाळूचं पेशीजाल नव्या जागीही आपला टणकपणा सोडत नाही. म्हणजे जन्मजात पातळ हिरडी जाड करता येते, आणि ती जाड झालेली राहते.

झाकणी किती होईल हे फटींमधल्या हाडावर ठरतं. दातांमधली हिरडी आणि हाड शाबूत असेल, तर पूर्ण मूळ झाकलं जाण्याची आशा रास्त आहे. तिथलंच हाड गेलेलं असेल, तर कुशल हातांनाही थोडक्यावर समाधान मानावं लागतं. ओस्लोच्या तोंडांना मिळाला असता तेवढा फायदा मळ्यातल्या तोंडांना मिळाला नसता, तो यामुळे. आणि प्रत्येक उतरलेल्या हिरडीला टाक्यांची गरजही नसते. सणक नाही, कीड नाही, दिसण्याची खंत नाही आणि काठ स्थिर आहे, तर लक्ष ठेवणं पुरेसं.

काठ स्थिर आहे की नाही हे आठवणीवरून ठरत नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: माझी हिरडी पातळ आहे का, आणि ती कुठल्या दातावर किती मिलिमीटर उतरली आहे. आकडे तारखेसह कागदावर लिहून मागा आणि कागद जपून ठेवा. मुलांना तारा लावायच्या असतील, पुढच्या दाताला कॅप बसवायची असेल, तर हा प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारा. हिरडी आधी जाड करून मग दात हलवणं, ती उतरल्यावर झाकत बसण्यापेक्षा सोपं जातं.